कॉपी केलीच नाही, तरी कॉपीचा आळ आलाय? मग हे करा

सगळ्यात आधी एक म्हण डोक्यातून काढून टाका, "कर नाही त्याला डर कशाला." घरातलं कोणीतरी ती हमखास म्हणणार, सर-मॅडमही म्हणतात, पण कॉपीच्या आळाच्या बाबतीत होतं नेमकं उलटं. ज्याने खरंच कॉपी केलीय त्याने पकडले गेलो तर काय सांगायचं हे थोडंफार ठरवून ठेवलेलं असतं, आणि ज्याच्या मनातच काही नाही त्याला अचानक सगळ्या वर्गासमोर उभं केलं की त-त-प-प होतं, डोळ्यात पाणी येतं, हात थरथरतात, मग समोरचे म्हणतात बघा, चोराच्या मनात चांदणं. तर घाबरायला झालं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. सरळ सांगा, "मला भीती वाटतेय कारण माझ्यावर आरोप झालाय." एवढं बोलता आलं तरी पुष्कळ झालं.

पहिला तासभर

परीक्षा चालू असतानाच सुपरव्हायझरने पेपर काढून घेतला तर तिथे वाद घालू नका, आवाज चढवू नका, कारण नंतर रिपोर्टमध्ये कॉपीच्या जोडीला "उद्धट वागणूक" पण लिहिली जाते आणि मग सगळी चर्चा त्यावरच होते. तीनच गोष्टी बोला. माझ्याकडे नेमकं काय सापडलं ते दाखवा, आत्ता किती वाजलेत ते लिहून घ्या, आणि मला उरलेला पेपर पूर्ण करू द्या, चौकशी नंतर करा. तिसरी गोष्ट मान्य होईलच असं नाही, पण मागितली होती हे महत्त्वाचं आहे.

बाकाखाली चिठ्ठी सापडली असेल तर तिला हात लावू नका, उचलून फेकू नका, पायाने सरकवू तर अजिबात नका. ती चिठ्ठी जशीच्या तशी राहणं तुमच्याच फायद्याचं आहे, कारण त्यावरचं अक्षर कोणाचं आहे ते दिसतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यावर काय लिहिलंय ते दिसतं. समजा चिठ्ठीत चौथ्या प्रश्नाची व्याख्या आहे आणि तुमच्या उत्तरपत्रिकेत चौथा प्रश्न सोडवलेलाच नाही, किंवा सोडवलाय पण व्याख्या वेगळ्या शब्दांत आणि एक मुद्दा चुकवून लिहिलीय, तर हे तुमच्या बाजूने बोलणारं आहे आणि ते कोणीतरी शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं. तसं बघा अशी विनंती तुम्हीच करायची, आपणहून कोणी करेलच असं नाही.

आणि घरी आल्यावर, किंवा त्याआधीच बाहेर कुठेतरी बसून, काय काय झालं ते लिहून काढा. कोण कुठे बसलं होतं, कोणी काय म्हटलं, आपण काय उत्तर दिलं, आजूबाजूला कोण होतं. तारीख आणि वेळ टाका. दोन दिवसांनी आठवण पुसट होते आणि आठवड्याने तर आपण स्वतःलाच दहा वेळा समजावून सांगितलेली गोष्ट खरी आठवण वाटायला लागते.

"एवढं कबूल कर, विषय संपवू"

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय ती. केबिनमध्ये बोलावतात, दार लावतात, आणि प्रेमाने सांगतात की हे बघ, तू चांगल्या घरातलं मूल आहेस, एक साधा माफीनामा लिहून दे, आम्ही पुढे नेणार नाही, नाहीतर मग वर कळवावं लागेल, वर्ष वाया जाईल. पंधरा वर्षांचं पोर तिथे एकटं बसलेलं असतं, त्याला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं असतं, आणि ते लिहून देतं. न केलेल्या गोष्टीचा माफीनामा.

लिहून देऊ नका. बोलणारे सर मनाने चांगले असतील, त्यांना खरंच प्रकरण मिटवायचं असेल, तरीही नाही. कारण तो कागद फाइलमध्ये राहतो आणि सर बदलून जातात. पुढच्या वेळी काही झालं की पहिल्यांदा तोच कागद निघतो. आणि एकदा स्वतःच्या अक्षरात "माझी चूक झाली" लिहिलं की नंतर अपील करताना, तेव्हा मी घाबरून लिहिलं होतं, हे पटवून देणं फार अवघड जातं.

मग तिथे बोलायचं काय? "सर, मी हे केलेलं नाही त्यामुळे मी तसं लिहून देऊ शकत नाही. आईबाबा आले की त्यांच्यासमोर तुम्ही विचाराल त्या सगळ्याची उत्तरं देईन." बस. पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच. सहीसाठी छापील फॉर्म पुढे केला तर आधी पूर्ण वाचा, कोरी जागा असेल तर सही नको, आणि सही करावीच लागली तर त्याच्या वरच्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहा की "मला हा आरोप मान्य नाही, फक्त माहिती मिळाल्याची सही" आणि शेजारी तारीख. मोबाइल बाहेर काढता येत असेल तर त्या कागदाचा फोटो मागा.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. जे खरोखर केलंय ते लपवू नका. मित्राबरोबर असाइनमेंटवर चर्चा केली होती, व्याकरण तपासायला ग्रामरली वापरलं होतं, आदल्या वर्षीचा ताईचा प्रोजेक्ट बघितला होता, तर ते पहिल्याच वेळी सांगा. कारण असं काही नंतर बाहेर आलं तर बाकीचं सगळं खरं असूनही तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. चर्चा करणं आणि उतरवून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक तुम्ही स्वतः आधी मांडला तर ऐकला जातो.

आरोप नेमका काय आहे ते लेखी मागा

"तू कॉपी केलीस" हा आरोपच नाही, त्याला उत्तर देताच येत नाही. कुठल्या पेपरमध्ये, कुठल्या प्रश्नात, कशावरून वाटलं, कुठला नियम मोडला. शाळेची किंवा कॉलेजची परीक्षेची नियमावली मागून घ्या आणि वाचा, कंटाळवाणी असते पण त्यातच लिहिलेलं असतं की चौकशी कोण करतं, तुम्हाला बाजू मांडायला किती दिवस मिळतात, अपील कोणाकडे. एक छोटा मेल किंवा अर्ज करा, साधारण असा:

"माननीय महोदय/महोदया, अमुक तारखेच्या अमुक विषयाच्या पेपरमध्ये मी गैरप्रकार केल्याचं मला तोंडी सांगण्यात आलं. मी असा कुठलाही प्रकार केलेला नाही. माझ्याविरुद्ध नेमका काय आरोप आहे, त्यासाठी कुठला पुरावा आहे आणि कुठल्या नियमाखाली कारवाई होणार आहे हे कृपया लेखी कळवावं. पुराव्याची प्रत बघायला मिळावी आणि माझी बाजू मांडायची संधी मिळावी ही विनंती. चौकशीत मी पूर्ण सहकार्य करेन."

एवढंच. यात राग नको, कोणावर उलटा आरोप नको, आत्तापर्यंत किती मार्क मिळाले त्याची यादी तर मुळीच नको. हुशार मुलंही कॉपी करतात हे शिक्षकांना माहीत असतं, त्यामुळे "मी पहिल्या तिघांत असते" याने काही सिद्ध होत नाही.

आणि एक लक्षात ठेवा, बऱ्याच शैक्षणिक चौकश्यांमध्ये कोर्टासारखं "संशयाला जागाच नको" इतकं कडक माप नसतं, जास्त शक्यता कुठल्या बाजूची आहे एवढंच बघतात. म्हणजे "सिद्ध करून दाखवा" म्हणून हाताची घडी घालून बसणं धोक्याचं आहे. तुमच्या पारड्यात काहीतरी पडायला हवं.

पुरावा कशाचा गोळा करायचा

हे आरोप कुठल्या प्रकारचा आहे त्यावर आहे.

शेजारच्याशी उत्तरं जुळली असं म्हणत असतील तर आधी बघा बरोबर उत्तरं जुळलीत की चुकीची. बरोबर उत्तरं जुळणारच, बरोबर उत्तर एकच असतं. चुकीची जुळली तर शंका येते आणि ती शंका अगदीच वेडगळ नाही हे मान्य करा, पण सगळ्या चुका सारख्या नसतात. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, ही चूक वर्गात कितीतरी जण करतात, दोघांनी शेजारी बसून केली म्हणून एकाने दुसऱ्याचं बघितलं असं होत नाही. दोघांचा क्लास एक असेल, नोट्स एक असतील, गाइड एक असेल तर एकच चुकीचं वाक्य दोन्हीकडे येतं. ती नोट्सची वही शोधून काढा, ते पान घेऊन जा. आणि जिथे उत्तरं जुळत नाहीत ते प्रश्न दाखवा, कच्चं काम दाखवा, गणित असेल तर मधल्या पायऱ्या दाखवा, खोडून परत सोडवलेलं असेल तर ते सगळ्यात चांगलं. दोघांना प्रश्नपत्रिकेचे वेगळे सेट होते का, बसायची व्यवस्था कशी होती, तिथून दुसऱ्याचा पेपर दिसतो तरी का, हे विचारा. एक करू नका, शेजारच्यावर ढकलू नका. त्याने तुमचं बघितलं असेलही, पण तुम्ही ते पाहिलेलं नाही, मग म्हणायचं नाही.

टर्निटिनसारख्या सॉफ्टवेअरचा सिमिलॅरिटी रिपोर्ट असेल तर टक्केवारी बघून हबकू नका, रंगवलेला पूर्ण रिपोर्ट मागा. ते सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवतं, त्यात अवतरणं येतात, संदर्भसूची येते, कधी प्रश्नाचं वाक्य तुम्ही वर उतरवून घेतलं असेल तर तेही येतं. कंपनी स्वतः सांगते की हा आकडा म्हणजे वाङ्मयचौर्याचा निकाल नाही. एकेक रंगवलेली ओळ घ्या आणि ती कुठून आली, संदर्भ दिलाय का, ते समोर लिहा. संदर्भ द्यायचा राहिला असेल तर तसं सांगा, ती वेगळी आणि छोटी चूक आहे.

एआयने लिहून घेतल्याचा आरोप. हा आता सगळ्यात जास्त येतोय आणि यात निरपराध मुलं फार भरडली जातायत, म्हणून जरा सविस्तर. डिटेक्टर, म्हणजे एआयचं लिखाण ओळखणारं सॉफ्टवेअर, "८७ टक्के एआय" दाखवतो आणि शिक्षकांना वाटतं की हा थर्मामीटरसारखा मोजलेला आकडा आहे. तसं नाही, तो अंदाज आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला होता, त्यांच्या स्वतःच्या चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९ टक्के चुकून एआयचा ठरवला, आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनी तो बंद करून टाकला. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनाच त्याचं लिखाण खात्रीने ओळखता येईना.

दुसरं, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी हे अजून वाईट आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी माणसांनी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले, आणि ९१ पैकी ८९ निबंधांवर निदान एका तरी डिटेक्टरने बोट ठेवलं. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. कारण असं की हे डिटेक्टर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते बघतात, आणि शिकलेल्या भाषेत लिहिताना आपण साधे, पाठ झालेले, सुरक्षित शब्द वापरतो. म्हणजे तुम्ही व्याकरण सांभाळून सरळ लिहिलंत हाच गुन्हा ठरतो.

तिसरं, मोठ्या संस्थासुद्धा यातून मागे आल्यात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनचा एआय डिटेक्टर बंद केला. त्यांचा हिशोब साधा होता, २०२२ मध्ये त्यांनी ७५,००० पेपर टर्निटिनमध्ये टाकले होते, कंपनी म्हणते चूक फक्त १ टक्का, तरी सुमारे ७५० पेपरांवर खोटा आळ आला असता. हा हिशोब मीटिंगमध्ये नम्रपणे मांडा, पण फक्त यावर विसंबू नका, कारण डिटेक्टर चुकतात यावरून तुमच्या बाबतीत चुकला असं आपोआप ठरत नाही. आणि लेख चॅटजीपीटीमध्ये टाकून "हे तू लिहिलंस का" विचारणं हा तर पुरावाच नाही, त्याला आधी कोणासाठी काय लिहिलं ते असं विचारून कळत नाही, ते कशालाही हो म्हणतं. शिक्षकांनी तसं केलं असेल तर त्यांच्याच एखाद्या जुन्या, चॅटजीपीटी येण्याआधीच्या लेखावर तोच प्रश्न विचारून बघायला सांगा, अर्थात आवाज खाली ठेवून.

खरा पुरावा म्हणजे लिहिण्याच्या प्रवासाचा माग. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर फाइल मेन्यूमध्ये व्हर्जन हिस्टरी आहे, ती उघडा. त्यात दिसतं की मंगळवारी रात्री पावणेदहाला दोनच ओळी होत्या, मग एक अख्खा परिच्छेद आला, बुधवारी तो अर्धा खोडला, "पर्यावरण"चं स्पेलिंग तीनदा बदललं, शेवटचा परिच्छेद आधी वर होता तो खाली गेला. एका झटक्यात चिकटवलेला मजकूर असा दिसत नाही, माणूस लिहितो तेव्हाच असा दिसतो. मात्र त्या फाइलमध्ये आता काहीही बदलू नका, आणि "मेक अ कॉपी" करून पाठवू नका, कॉपीत जुनी हिस्टरी जात नाही. नुसता बघण्याचा अ‍ॅक्सेस दिला तर समोरच्याला हिस्टरी दिसत नाही, एडिटचा द्यावा लागतो, त्यापेक्षा लॅपटॉप घेऊन जा आणि समोर उघडून दाखवा, शिवाय आधी स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा कारण गूगल जुन्या नोंदी नंतर एकत्र करू शकतं. वर्डमध्ये फाइल वनड्राइव्हवर असेल तर तिथेही व्हर्जन हिस्टरी मिळते. ब्राउझरची हिस्टरी पण लगेच जपून ठेवा, क्रोममध्ये ती ९० दिवसांचीच दिसते. कच्च्या वहीचे फोटो, लायब्ररीतून आणलेली पुस्तकं, मित्राला "यार हा मुद्दा कसा मांडू" विचारलेला मेसेज, सगळं. आणि तुमचे आधीचे निबंध, विशेषतः वर्गात बसून हाताने लिहिलेले, म्हणजे शैली जुळते ते दिसेल.

ऑनलाइन परीक्षेत कॅमेऱ्याने किंवा लॉगने (म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदींनी) पकडलं असेल तर लॉग स्वतः बघायला मागा. अमेरिकेतल्या डार्टमथच्या मेडिकल कॉलेजमध्ये २०२१ साली कॅनव्हास नावाच्या ऑनलाइन अभ्यासाच्या सिस्टिमच्या नोंदींवरून १७ विद्यार्थ्यांवर कॉपीचा आरोप झाला, कारण परीक्षेच्या वेळी त्यांच्या अकाउंटवरून नोट्सची पानं उघडल्याचं दिसत होतं. पण माणसाने हात न लावताही, दुसऱ्या डिव्हाइसवर उघडं राहिलेलं पान आपोआप रिफ्रेश होऊन तशी नोंद होऊ शकते हे पुढे आलं, आणि जून २०२१ मध्ये कॉलेजने सगळे आरोप मागे घेतले. म्हणजे परीक्षेआधी फोनवरचे, टॅबवरचे सगळे टॅब बंद करा, लॉगआउट व्हा, आणि आरोप झालाच असेल तर त्या वेळी कुठलं डिव्हाइस कुठे चालू होतं ते आठवून लिहा.

मीटिंगमध्ये

एकट्याने जाऊ नका. पालक, किंवा नियमात बसत असेल तर विश्वासातले शिक्षक. जाण्याआधी एक पानाचा कागद तयार करा, वर "मी हे केलेलं नाही", खाली तारखांसकट काय झालं ते, आणि सोबत कुठले पुरावे जोडलेत. तोच वाचून दाखवला तरी चालेल.

"मग हे असं कसं झालं?" हा प्रश्न येणारच आणि तिथे लोक अडकतात, कारण आपल्याला वाटतं की उत्तर द्यायलाच हवं, मग आपण काहीतरी तर्क करतो, तो चुकतो, आणि खोटं बोललात म्हणतात. माहीत नसेल तर "मला माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. जे माहीत आहे तेवढंच ठामपणे सांगा.

आणि स्वतःहून म्हणा की माझी तोंडी परीक्षा घ्या. याच विषयावर आत्ता प्रश्न विचारा, किंवा तुमच्यासमोर बसून असाच निबंध लिहायला द्या. ज्याने स्वतः लिहिलंय त्याला हा शब्द का वापरला, हा मुद्दा कुठून आला, हे सांगता येतं, अडखळत का होईना. फक्त भीतीने सुचणार नाही असं वाटत असेल तर तयारीला एक दिवस मागा, त्यात लाज नाही. मीटिंग संपली की त्याच दिवशी मेल टाका, आज असं असं ठरलं, काही चुकलं असेल तर कळवा.

या काळात वर्गाच्या ग्रुपवर काही लिहू नका, स्टेटस नको, शिक्षकांचं नाव घेऊन पोस्ट तर नकोच. स्क्रीनशॉट फिरतात.

आईबाबांसाठी

मुलाला एकदाच, शांत जागी, दुसरं कोणी नसताना विचारा, आणि उत्तर मिळालं की त्याच्या बाजूने उभे राहा. दर तासाला "खरं सांग हं" केलं तर त्याला घरातही चौकशीच चालू आहे असं वाटतं. शाळेत जाऊन टेबल आपटू नका, आणि मुलासमोर हात जोडून माफीही मागू नका, कारण तुम्ही माफी मागितली की त्याने गुन्हा केला असंच सगळे धरतात. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, शाळेत जायला नकार देत असेल तर ते नाटक नाही. आणि "जगून काय करू" असं काही बोललं तर आधी बाकी सगळं बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या. पेपर पुन्हा देता येतो.

निकाल लागल्यावर

विरोधात गेला तर अपील करा आणि मुदत बघा, ती बहुतेक वेळा कमी असते. अपिलात पुन्हा "मी नाही केलं" एवढंच लिहून उपयोग नाही, साधारणपणे तीन गोष्टींवर ऐकून घेतात, नवा पुरावा मिळालाय, नियमाप्रमाणे चौकशी झाली नाही (म्हणजे पुरावा दाखवला नाही, बाजू ऐकली नाही), किंवा शिक्षा चुकीच्या मानाने फारच मोठी आहे. यातलं जे लागू आहे ते धरून लिहा.

बाजूने लागला तरी तिथे थांबू नका. आरोप मागे घेतला असं लेखी पत्र घ्या, रेकॉर्डमधून नोंद काढली का ते विचारा, थांबवलेले मार्क चढले का ते स्वतः बघा. आणि आरोप जर सगळ्या वर्गासमोर झाला असेल तर निर्दोष असल्याचंही त्याच वर्गासमोर सांगा अशी विनंती करा. बरेच जण संकोचाने हे मागत नाहीत, मग वर्षभर मागच्या बाकावरून "कॉपीबहाद्दर" ऐकत बसतात. मागा. ज्या सरांनी आळ घेतला त्यांच्याच तासाला उरलेलं वर्ष बसायचं असेल आणि ते जड जात असेल तर पुढचे पेपर दुसऱ्या कोणी तपासावेत असंही मागता येतं, आणि ही मागणीही लेखीच करा.